दंड की किंमत?

कोळशाच्या ट्रकांनी अहोरात्र दणाणणाऱ्या वणीच्या रस्त्यांवर मद्यपी चालकास पकडणाऱ्या फौजदाराची खंत रास्त आहे. रात्री धरावे, आणि दंड भरून तोच इसम बहुधा पुन्हा चाकावर! मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड सांगते. त्या ‘किंवा’तच सारे अर्थशास्त्र आले. सर्वांस सारखा दंड ही धनिकास परवडणारी किंमत ठरते. ट्रकचालकाच्या मात्र पोटावर पाय येतो.

आणि बडा माणूस सापडलाच, तर फिर्यादी पोलिसाची काय गत होते? २००२ साली वांद्र्यात पदपथावर निजलेल्या कामगारांवर गाडी चढून एक जण दगावला. नट सलमान खान यांचे अंगरक्षक, शिपाई रवींद्र पाटील यांनी फिर्याद दिली. पुढील जबाबात मद्याचाही उल्लेख केला. साक्षीस गैरहजर राहिले म्हणून तेच अटकेत गेले, नोकरीस मुकले, २००७ मध्ये क्षयाने वारले. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांची साक्ष पूर्णतः विश्वसनीय न मानता आरोपीस निर्दोष सोडले.

फिनलंडमध्ये १९२१ पासून उत्पन्नाच्या प्रमाणात दंडाची पद्धत आहे. ती मागणी आपण नाही तर कोणी करावी? सोबत हेही मागावे, की फिर्यादी पोलिसाची साक्ष वर्षानुवर्षे लोंबकळू नये.