वाडा मनात भरला म्हणजे

साडी घेताना आपण पदर उलटा करून बघतो, रंग जाईल का म्हणून दुकानदाराला दहादा विचारतो. आंबे घेताना देठाशी वास घेतो. आणि घर? जुनं, कौलारू, चौकाचं घर दिसलं की आपली सगळी हुशारी उंबऱ्याबाहेर चपलांपाशीच राहते! सागवानी खांबांवरची वेलबुट्टी, पितळी कड्यांचा झोपाळा, चौकातलं तुळशीवृंदावन, भिंतीतले कोनाडे... जिना उतरून खाली येईपर्यंत लोणच्याच्या बरण्या कुठल्या फडताळात ठेवायच्या आणि दिवाळीच्या पणत्या कशा मांडायच्या, हेसुद्धा मनात ठरलेलं असतं. घरमालक तुमचा चेहरा बघत असतो, बरं का. मग किंमत कशाला खाली येते?

हा विषय काढायला निमित्त झालं सातारा जिल्ह्यातल्या एका भगिनीच्या पत्राचं. तालुक्याच्या गावी पेठेत एक जुना वाडा विकायचा आहे. मालक मुंबईला, वाडा दहाबारा वर्षं बंद. यजमान तीन वर्षांनी निवृत्त होतील. त्यांना दोन खोल्यांचा नवा फ्लॅट हवा आहे, वाड्याला ते 'भूतबंगला' म्हणतात. बाईंचा जीव मात्र वाड्यात अडकलाय. माहेरच्या चार बांगड्या मोडून इसार द्यावा असं त्यांच्या मनात आहे. 'मी वेडी आहे का?' असं त्या विचारतात.

मुळीच नाही. आयुष्यभर भाड्याच्या दोन खोल्यांत संसार केलेल्या बाईला चौक असलेलं घर हवंसं वाटलं, तर त्यात वेडेपणा कसला? पण बांगड्यांना इतक्यात हात लावू नका. त्याआधी बघायच्या गोष्टी पुष्कळ आहेत.

पहिली म्हणजे तुम्ही वाडा पाहिलात तो एप्रिलात. चैत्र-वैशाखात कुठलंही जुनं घर सोज्वळच दिसतं. भिंती कोरड्या, आत गारवा, जुन्या लाकडाचा मंद वास. ते घर आषाढात बघा. चांगली चार दिवसांची झड लागली असेल तेव्हा किल्ली मागून जा, बरोबर बॅटरी न्या आणि थेट माळ्यावर चढा. कौलांतून उजेड कुठे दिसतो, वाशांवर काळे ओघळ कुठे आहेत, पाणी टिपटिप कुठे पडतंय, सगळं दिसेल. मालक म्हणेल, 'चार कौलं परतली की झालं.' कधीकधी ते खरंही असतं. पण कौलांखालच्या रिपा आणि वासेच कुजले असतील, तर नवी कौलं बसवायची कशावर?

भिंतीचा खालचा दोनतीन फुटांचा भाग नीट बघा. रंगाचे पोपडे सुटलेले, पांढरा लोणा धरलेला, हात लावला की भुसा पडतो, असं असेल तर ओल आहे. मात्र लगेच घाबरू नका. पागोळ्यांचं पाणी जोत्याशीच पडत असतं, पन्हळ फुटलेली असते, नाहीतर मागच्या बोळात वर्षानुवर्षं माती साचून ती जोत्याच्या वर आलेली असते. पन्हळ बदलली, माती उपसली, पाण्याला वाट दिली की भिंत एकदोन उन्हाळ्यांत वाळते. हे काम स्वस्तातलं आहे, पण गवंडी ते आपण होऊन सांगत नाही. तो सांगतो, 'सिमेंटचा गिलावा मारून टाकू, ताई.'

इथे मला जरा रागच येतो, म्हणून सविस्तर सांगते. जुन्या वाड्यांच्या भिंती दगडाच्या, मातीच्या भेंड्यांच्या, नाहीतर चुन्यात बांधलेल्या विटांच्या असतात. त्या ओल शोषतात आणि हवेत सोडून देतात. त्यांच्यावर सिमेंटचा गिलावा म्हणजे घामेजलेल्या अंगावर मेणकापड! ओल बाहेर पडू शकत नाही, ती भिंतीतून वर चढते आणि तुळयांची जी टोकं भिंतीत रुतलेली असतात ती आतल्या आत कुजवते. वरून भिंत गुळगुळीत, आणि आठदहा वर्षांनी तुळई बसते. चुन्याचा गिलावा करणारे कारागीर आता कमी राहिलेत, कामाला वेळही जास्त लागतो, पण ज्या घरी माती-चुना आहे तिथे चुनाच हवा. तुमच्या वाड्यात कुणी आधीच सिमेंट फासून ठेवलं असेल, तर तिथलं लाकूड दुप्पट काळजीने तपासून घ्या.

लाकूड तपासायला सुतार न्या, आणि तो आपल्या ओळखीचा हवा, मालकाने दिलेला नको. वाळवीच्या मातीच्या नळ्या खांबाच्या तळाशी आणि तुळईच्या टोकाशी सापडतात. बोटाने ठोकून बघा, निरोगी लाकूड खणखणीत वाजतं, पोखरलेलं भदभदतं. सागाचा गाभा वाळवी सहसा खात नाही, म्हणून दर्शनी खांब शाबूत दिसतात आणि आपण खूश होतो. वरचे वासे मात्र पुष्कळदा साध्या लाकडाचे असतात, आणि खाल्ले जातात ते हेच. सुताराबरोबर एखादा परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरही न्या. त्याची फी जड वाटेल, पण घराच्या किमतीपुढे ती काहीच नाही. आणि तो नुसतं 'पाडा नि स्लॅब घाला' म्हणाला, तर दुसऱ्याचंही मत घ्या.

आता तुमच्या-माझ्या कामाचं. स्वप्नातलं घर दुसरंच कुणीतरी झाडत असतं, नाही का? वाडा बघायला जाल तेव्हा एकदा रिकामी कळशी उचला आणि नळापासून स्वयंपाकघरापर्यंत चालून बघा. उंबरे किती ओलांडले? पायऱ्या किती? गॅसचं सिलिंडर तिथवर कोण आणणार? स्वयंपाकघरात दुपारी बारा वाजता दिवा न लावता तांदळातला खडा दिसतो का? संडास-न्हाणीघर परसात असेल, तर पावसाळी रात्री सासूबाईंना चौकातून, शेवाळ धरलेल्या फरशीवरून कोण धरून नेणार? चौदा फुटांवरची जळमटं कोण काढणार? ही उत्तरं यजमानांनी द्यायची नाहीत, तुम्ही स्वतःशी द्यायची आहेत. आज तुम्ही पंचावन्नच्या असाल, तर उत्तर पासष्टाव्या वर्षाचं द्या.

कागदांकडे वळू. पेठेतल्या घराचं मालमत्ता पत्रक नगर भूमापन कार्यालयातून काढा आणि त्यावर नावं कुणाकुणाची आहेत ती वाचा. आजोबांचंच नाव अजून असेल, तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतील. सगळ्या म्हणजे बहिणींच्यासुद्धा! 'त्या काय, लग्न होऊन गेल्या' असं मालक म्हणाला तर ऐकू नका. 2005 सालच्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि त्या वेळी वडील हयात नसले तरी हा हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. बहिणींनी एकतर खरेदीखतावर सही करावी, नाहीतर नोंदवलेलं हक्कसोडपत्र दाखवावं. तीन नणंदांचा न विचारता विकलेला वाटा घेऊन त्याच चौकात आपण हळदीकुंकू करायचं, हे मला तरी बरं वाटत नाही. कोर्टाची पायरी चढावी लागते ती वेगळीच.

वाड्यात कुणी भाडेकरू आहे का? 'मागच्या खोलीत एक आजोबा आहेत, जातील हो,' असं सहज सांगितलं जातं. घराचा मालक बदलला म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण त्याला असतं. आजोबा गेले तरी घरात बरोबर राहणारा मुलगा हक्क सांगू शकतो. शिवाय नगरपालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस लागली आहे का, घरपट्टी किती वर्षांची थकली आहे, हे नगरपालिकेत विचारा. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. हे सगळं हातात आल्यावर इसार. त्याआधी एक रुपयासुद्धा नाही.

म्हणून बांगड्या इसारात घालू नका म्हटलं. कागद अडले की इसार अडकतो, आणि तो सोडवायला मुंबईच्या खेपा तुम्हालाच घालाव्या लागतील. शेवटी सोनं मोडायचंच ठरलं, तर ते खरेदीखताच्या वेळी, आणि खरेदीखतावर तुमचं नाव घालून. स्त्रीधन तुमचं स्वतःचं आहे, 1956 च्या कायद्यानेच ते तुमच्या पूर्ण मालकीचं मानलं आहे. त्याचं घर होणार असेल, तर घरावरही तुमचं नाव हवं. हे मागताना ओशाळायचं काही कारण नाही. शिवाय महाराष्ट्रात 1 एप्रिल 2021 पासून राहतं घर फक्त बायकांच्या नावे घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. यजमानांना सांगून बघा, आकडा त्यांना पटकन कळेल.

यजमानांवर रागावू मात्र नका. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेला माणूस फंडाच्या पैशाला जपणारच. त्यांना 'भूतबंगला' दिसतो, कारण खर्चाला शेवट दिसत नाही. तो शेवट तुम्ही कागदावर दाखवा. मेस्त्रीने सांगितलेल्या आकड्याची दीडपट धरा, कारण जुन्या घरात एक फळी उचकटली की खाली तीन कामं निघतात. ती रक्कम फंडाला धक्का न लावता उभी राहत नसेल, तर वाडा सोडून द्या. चारदोन रात्री झोप लागणार नाही, पण सोडा.

रक्कम उभी राहत असेल, तर मी सुचवते तसं करून बघा. अख्खा वाडा एकदम दुरुस्त करायचा हट्टच धरू नका. छप्पर तेवढं पहिल्या उन्हाळ्यात सगळ्याचं धड करून घ्या, पन्हळींसकट. मग माजघर, स्वयंपाकघर आणि त्याला लागून एक खोली एवढेच खण राहते करा. संडास आत आणा. जुन्या लाकडी पट्ट्यांवरच्या वायरी पूर्ण काढून नवं वायरिंग, अर्थिंगसकट. बाकीच्या खोल्या झाडून बंद ठेवा. डोक्यावर कौलं शाबूत असली आणि वारा खेळता राहिला, की बंद खोली वाट बघू शकते. आपण बायका पहिल्यांदा ओट्याची फरशी पसंत करायला जातो आणि छप्पर पुढच्या वर्षावर टाकतो, तेवढं करू नका. गळत्या छपराखाली ग्रॅनाइटचा ओटा काय कामाचा?

आणि जुलैत जाल तेव्हा वाड्याइतकीच शेजारच्या घराची कडी वाजवा. तिथल्या वहिनी मालकापेक्षा जास्त सांगतील. गटार तुंबतं का, बोळातून रिक्षा येते का, मागची भिंत कुणाच्या हद्दीत आहे, वाडा इतकी वर्षं का विकला गेला नाही, सगळं. चहा घेतल्याशिवाय त्या सोडणार नाहीत. घ्या चहा, आणि नळाला पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ टिकतं, तेही तेवढ्यात विचारून घ्या.