आकडा दाखवता, माप दाखवा!

आमच्या वस्तीतील एक मुलगी गेल्या हिवाळ्यात एक कागद घेऊन आमच्याकडे आली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, पंधराशे मीटर धावणारी. महाविद्यालयाच्या संघातून तिला वगळले होते. कारण एका ओळीचे : ‘व्हीओटू मॅक्स 36.3, अपात्र.’ मर्यादा 38 ची. ‘‘काका, हे काय असतं?’’ तिने विचारले.

आम्हालाही ठाऊक नव्हते. मग वाचले, जाणकारांना विचारले. माणूस पुरता दमेपर्यंत धावत असताना त्याचे शरीर दर मिनिटाला, वजनाच्या दर किलोमागे, जास्तीत जास्त किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकते, तो हा आकडा. इंग्लंडच्या ए. व्ही. हिल आणि हार्टली लप्टन यांनी 1923 साली ही कल्पना मांडली. ती मोजण्याची खरी रीत अशी : तोंडावर मुखवटा, श्वासातील वायू तपासणारे यंत्र, आणि ट्रेडमिलचा वेग किंवा चढ वाढवत साधारण आठ ते बारा मिनिटांत धावपटूला थकवणे. चढ वाढूनही ऑक्सिजनचा वापर वाढेनासा झाला, की कमाल गाठली. चाचणीआधी ते यंत्र माहीत असलेल्या प्रमाणाच्या वायूने पडताळावे लागते. मुखवटा गळका असला तरी आकडा खोटा पडतो. धावपटूला सायकलवर बसवून मोजले तरी आकडा कमीच येतो.

या मुलीच्या तोंडाला मुखवटा लागलाच नाही! तीन मिनिटे पायरीवर चढउतार करवली, नाडी मोजली, ती 160 भरली. मग सूत्र : 65.81 मधून नाडीची 0.1847 पट वजा. उत्तर 36.3. म्हणजे ऑक्सिजन कोणी मोजलाच नव्हता, नाडीवरून अंदाज बांधला होता. ही क्वीन्स कॉलेजची पायरी चाचणी, 1972 ची, अमेरिकेतली. पायरी 41.3 सेंटिमीटर, तिथल्या व्यायामशाळेतील प्रेक्षकांच्या बाकाएवढी. आमची मुलगी पावणेपाच फूट उंच. त्यात पहाटे उठून, दोन एसट्या बदलून आलेली, वर निवडीची धास्ती. नाडी चढायला आणखी काय लागते?

चाचणीशी आमचे भांडण नाही. कोलकात्याच्या संशोधकांनी 2004 साली तरुण मुलांवर ती थेट मोजणीशी ताडून पाहिली आणि वापरण्याजोगी ठरवली. शंभर मुलांचा सर्वसाधारण अंदाज घ्यायला ती स्वस्त आणि सोयीची आहे. पण एकट्या माणसाच्या बाबतीत असा अंदाज दहा टक्के इकडेतिकडे जाणे नवलाचे नाही. 36.3 चे दहा टक्के साडेतीनच्या वर जातात. आणि मुलगी बाद झाली 1.7 ने!

आम्ही तिला सरकारी दवाखान्यात नेले. हिमोग्लोबिन 9.4 निघाले, हवे किमान 12. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेते. ते कमी असले की हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात आणि सूत्र सांगते, मुलगी कमजोर. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. हा दोष घरच्या ताटाचा, औषधाने आणि अन्नाने भरून निघणारा. तो तिच्या कुवतीच्या नावावर का टाकता?

मोजमापाला आम्ही भीत नाही. नाकाच्या मापांवरून वंश ठरवण्याचा खेळ इंग्रजी अमदानीत चालला, तेव्हा बाबासाहेबांनी त्याच मापांचे आकडे हाती घेतले आणि 1948 च्या आपल्या अस्पृश्यांवरील ग्रंथात ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत हे दाखवले. आम्हीही आकडेच मागतो. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 51 चे म्हणणे होते की तज्ज्ञाचे मत महत्त्वाचे तसा त्या मताचा आधारही महत्त्वाचा, आणि नव्या साक्ष्य अधिनियमातही ते तत्त्व कायम आहे. मग क्रीडा विभागाच्या कागदावर चाचणीचे नाव का नाही? नाडी कोणी, कधी मोजली याची नोंद का नाही? थेट मोजणी करणाऱ्या प्रयोगशाळा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत आहेत, पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. प्रत्येक महाविद्यालयाने यंत्र घ्यावे असे आम्ही म्हणत नाही. पण यंत्र नसेल, तर मैदान आहे. पंधराशे मीटर धावायला लावा आणि घड्याळ बघा!

प्राचार्यांना अर्ज दिला : चाचणीचा पूर्ण तपशील द्यावा, रक्तक्षयाचे उपचार झाल्यावर फेरचाचणी घ्यावी, आणि तोवर तिला सरावातून काढू नये. तिसरी मागणी तोंडी मान्य झाली. पहिल्या दोन्हींवर ‘क्रीडा समितीसमोर ठेवतो’ एवढेच उत्तर आहे. मुलगी लोहाच्या गोळ्या घेते आहे आणि सकाळी सरावाला जाते आहे.