रंकाळ्यावरचा पांढरा पक्षी

गेल्या रविवारीं रंकाळ्याहून परतलेल्या मुलांनीं घरांत एकच गलबला केला. काठावर पांढराशुभ्र, केशरी चोंचीचा मोठा पक्षी दिसला होता. धाकट्यांच्या मतें तें बदक, थोरल्याच्या मतें राजहंस. वडील मंडळींनीं अमरकोश काढला. त्यांत पांढरें अंग आणि तांबडी चोंच व पाय हें राजहंसाचें लक्षण दिलेलें. चोंच व पाय मळकट असल्यास मल्लिकाक्ष, काळे असल्यास धार्तराष्ट्र. झालें! थोरल्याचा पक्ष बळावला. दुसरे दिवशीं आम्ही स्वतः जाऊन पक्षी पाहून आलों.

कोशकाराची दृष्टि मार्मिक खरी. आजचे पक्षिवेत्तेही चोंच व पाय बारकाईनें पाहतात. पण केवळ रंगावर भिस्त ठेवली कीं फसगत होते. या पक्ष्याच्या चोंचीच्या मुळाशीं गांठ होती. ती खूण चिनी पाळीव हंसाची. त्याचें मूळ मंगोलिया व उत्तर चीनकडील रानहंसांत. युरोपांतील पाळीव हंस मात्र कलहंसापासून झाला. शुभ्र रंग दोन्ही कुळांत माणसानें निवडीनें वाढविलेला आहे.

या कुळांचा संकर होतो, आणि ती संतति खेचराप्रमाणें वांझ नसते. अशा मिश्र हंसांचे कळपचे कळप हिंदुस्थानांत पाळले जातात, असें ब्लाइथ व हटन यांच्या साक्षीनें डार्विननें १८५९ सालच्या आपल्या ग्रंथांत नमूद केलें आहे. मिश्र पक्ष्याची गांठ बहुधा लहान, मान मध्यम. आम्हीं पाहिलेल्या पक्ष्याची गांठ लहानच होती, आणि मानेच्या पिसांना कलहंसाच्या कुळांतल्यासारख्या चुण्या होत्या.

खरा हिवाळी पाहुणा तो पट्टकादंब : करडें अंग, पिवळी चोंच, पांढऱ्या डोक्यावर मागें दोन काळे पट्टे. तिबेट-लडाखकडून हिमालय ओलांडतांना त्यानें ७,००० मीटरांहून अधिक उंची गांठल्याची नोंद आहे. उजनीच्या जलाशयावर भिगवणपाशीं त्याचे थवे उतरतात. पण माणूस जवळ आला कीं तो उडून जातो. आमचा पक्षी तर दाण्यांसाठीं पायांशीं आला!

तेव्हां वाचकांनीं गांठ, चोंच, मान व वागणूक पाहावी, रंग शेवटीं. हें ऐकून थोरला हिरमुसला खरा, पण त्यानें वहींतील ‘राजहंस’ खोडून ‘बहुधा मिश्र पाळीव हंस’ असें लिहिलें. त्यांतील ‘बहुधा’ हा शब्द आम्हांस विशेष आवडला.