अस्वल व्हायचंय? घरून होऊन या!

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या कुठल्याही टेबलावर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "थांबा रे, मी अस्वल होतोय." मग सगळे खरोखरच थांबतात. ड्रुइडवाला पुस्तक उघडतो, पानं उलटतो, पेन्सिल शोधतो, कोणाकडे तरी खोडरबर मागतो. फाइटरवाला मोबाइल काढतो. डीएम चिप्सचं पाकीट स्वतःकडे ओढतो. पाच-सात मिनिटांनी अस्वल तयार होतं आणि बहुतेक वेळा त्यातले दोन आकडे चुकलेले असतात.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी आणलेला हा खेळ. चार-पाच जण टेबलाभोवती बसून एक गोष्ट रचतात. डीएम, म्हणजे डंजन मास्टर, जग उभं करतो. बाकीचे एकेक पात्र चालवतात. मारामारी झाली की वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपला बोनस मिळवायचा आणि बेरीज शत्रूच्या आर्मर क्लासइतकी किंवा जास्त आली की घाव बसला. ड्रुइड हे त्यातलं जंगलाच्या बाजूचं पात्र. मंत्र तर टाकतोच, शिवाय प्राण्याचं रूपही घेतो. या रूप घेण्याला वाइल्ड शेप म्हणतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो, सस्पेन्स नको. लोक म्हणतात वाइल्ड शेपचं गणित फार किचकट आहे, ते काढून टाका. मला हे पटत नाही. गणित म्हणाल तर चौथीतली बेरीज-वजाबाकी. अवघड आहे ते, रूप बदलल्यावर ड्रुइडचं काय उरतं आणि प्राण्याचं काय येतं हे ठरवणं. आणि डाव रखडतो तो गणितामुळे नाही, तर पुस्तकातला वाट्टेल तो प्राणी ऐनवेळी निवडण्याच्या मोकळिकीमुळे. म्हणून माझं म्हणणं: गणित ठेवा, प्राणी कमी करा.

आता हे सिद्ध करायचं तर एकदा गणित करून दाखवायला हवं. २००३ सालची साडेतीनची आवृत्ती घेऊ, कारण सगळ्यात जास्त डोकी तिनेच फिरवली आहेत. तिच्या अंतिम, दुरुस्त नियमांप्रमाणे एका कागदावर तीन खाने पाडा.

१. माझं: लेव्हल, हिट पॉइंट, बेस अटॅक बोनस, बेस सेव्ह, आणि इंटेलिजन्स, विज्डम, करिष्मा हे तीन मानसिक गुण.

२. अस्वलाचं: स्ट्रेंथ, डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन हे तीन शारीरिक गुण, आकार, नैसर्गिक कवच, चालण्याचा वेग, नखं आणि दात.

३. नव्याने काढायचं: हल्ल्याचा बोनस, नुकसान, आर्मर क्लास, सेव्ह.

नियम एकच. तिसऱ्या खान्यातला आकडा पुस्तकातून कधीही उतरवायचा नाही. तो पहिल्या दोन खान्यांतून काढायचा. आपल्या धंद्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. जी गोष्ट दुसऱ्या दोन गोष्टींवरून निघते ती साठवून ठेवली की कधी ना कधी ती शिळी होते आणि रात्री अडीच वाजता फोन येतो.

तर समजा, आपला ड्रुइड आठव्या लेव्हलचा आहे. स्ट्रेंथ १०, डेक्स्टेरिटी १२, कॉन्स्टिट्यूशन १४, विज्डम १८. अंगात कातड्याचं जाड चिलखत, हातात लाकडी ढाल. माणूस म्हणून त्याचा आर्मर क्लास १० + १ + ३ + २ = १६. आठव्या लेव्हलला त्याला मोठ्या आकाराचे प्राणी खुले होतात, म्हणून तो तपकिरी अस्वल होतो. अस्वलाची स्ट्रेंथ २७, डेक्स्टेरिटी १३, कॉन्स्टिट्यूशन १९, नैसर्गिक कवच ५.

हल्ला: आठव्या लेव्हलच्या ड्रुइडचा बेस अटॅक बोनस ६. स्ट्रेंथ २७ चे ८. मोठ्या आकाराबद्दल वजा १. झाले १३. पुस्तकात अस्वलापुढे ११ छापलेत, कारण खुद्द अस्वलाचा बेस फक्त ४ आहे. निम्मे लोक हा ११ उतरवतात आणि स्वतःचेच दोन गुण घालवतात.

नखं दोन, प्रत्येकी आठ बाजूंचा एक फासा अधिक ८. चावा हा दुय्यम हल्ला, म्हणून त्याला आणखी ५ वजा, म्हणजे बोनस ८. आणि नुकसानीत स्ट्रेंथ निम्मीच, म्हणजे सहा बाजूंचे दोन फासे अधिक ४.

इथे एक हुशार प्राणी हमखास हात वर करतो. "बेस अटॅक सहा झाला की दुसरा हल्ला मिळतो ना? मग नखांचे चार हल्ले!" नाही मिळत, बाबा. तो नियम हातातल्या शस्त्राचा. नखं-दात जितके अंगावर आहेत तितकेच हल्ले.

आर्मर क्लास: चिलखत आणि ढाल रूपात विरघळून गेली, त्यांचा उपयोग शून्य. १० + डेक्स्टेरिटीचा १ + नैसर्गिक कवच ५ − आकाराचा १ = १५. बघा गंमत! एवढं धिप्पाड अस्वल झालो आणि माणसापेक्षा एका आकड्याने जास्त सहज मार खाणार. हे न मोजता जो पुढे घुसतो तो परत येत नाही.

आणि आता सगळ्यांना चकवणारी जागा. कॉन्स्टिट्यूशन १४ ची १९ झाली. त्यामुळे विषाला-रोगाला तोंड देणारी फॉर्टिट्यूड सेव्ह ८ वरून १० झाली. पण हिट पॉइंट? ते जुनेच. शारीरिक गुण बदलल्याचा परिणाम सगळीकडे लागू, अपवाद फक्त हिट पॉइंटचा, असं नियमात स्पष्ट म्हटलंय. आपल्याकडे म्हणतात ना, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. इथे पैशाच्या जागी हिट पॉइंट वाचा.

हुश्श. झालं गणित. सावकाश केलंत तरी चहा निवायच्या आत होतं.

आता हे आकडे टेबलावर काय करतात ते पाहू, कारण खरी भांडणं तिथे आहेत. समोरच्या राक्षसाचा आर्मर क्लास २० धरा. नखाला फाशावर ७ किंवा जास्त हवेत, म्हणजे ७० टक्के. एका नखाचं सरासरी नुकसान साडेबारा. चाव्याला १२ हवेत, ४५ टक्के, सरासरी ११. दोन नखं आणि एक चावा मिळून एका फेरीचं अपेक्षित नुकसान २२.४५. हाच ड्रुइड माणूस म्हणून तलवार फिरवत राहिला असता तर? जेमतेम दीड. म्हणजे एका रूपाने साधारण चौदापट फरक. (क्रिटिकल सगळीकडेच सोडून दिलेत.)

शेजारी बसलेला आठव्या लेव्हलचा फाइटर घ्या. स्ट्रेंथ २०, साधी प्लस वन दुहाती तलवार, आणि त्याच तलवारीसाठी खर्च केलेली वेपन फोकस आणि वेपन स्पेशलायझेशन ही दोन फीट्स. त्याचे दोन हल्ले, बोनस १५ आणि १०, प्रत्येकाचं सरासरी नुकसान १७. त्याच राक्षसावर अपेक्षित नुकसान २२.९५. अर्ध्याचा फरक! ज्या माणसाने आठ लेव्हल फक्त तलवारच शिकली त्याची बरोबरी ड्रुइड नखांनी करतो. वर नॅचरल स्पेल नावाचं फीट घेतलं असेल तर अस्वल असतानाच चौथ्या पातळीपर्यंतचे मंत्र टाकतो. शिवाय त्याच्यासोबत प्रशिक्षित प्राणीही असतो, तो वेगळाच.

म्हणून मला वाटतं की हे गणित म्हणजे नुसता वेळखाऊ कारकुनीचा भाग नाही. दर शनिवारी चार तास काढून येणाऱ्या दुसऱ्या एका माणसाला आपण कशाला आलो असं वाटणार की नाही, ते यावर ठरतं. आकडे चुकीचे असतील तर तो अन्याय दिसतही नाही, कारण कोणाला नक्की माहीतच नसतं.

खेळ बनवणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. पुढच्या प्रत्येक आवृत्तीने ते सोडवायचा प्रयत्न केला, आणि माझ्या मते बहुतेकांनी चुकीची गोष्ट कापली.

२००९ साली पैझो कंपनीच्या पाथफाइंडरने प्राण्याचे शारीरिक गुण घेणंच बंद केलं. मोठा प्राणी झालात? स्ट्रेंथ अधिक ४, डेक्स्टेरिटी वजा २, नैसर्गिक कवच ४. चटकन होतं, शीटवर फक्त फरक मिळवायचा. पण मग घोडा झालो काय आणि अस्वल झालो काय, ताकद तीच. शिवाय अशक्त ड्रुइडचं अस्वलही अशक्तच. नखा-दातांत आणि खास करामतींत फरक उरतो, पण अस्वलाचं अस्वलपण बरंचसं गेलं.

त्याच वर्षी चौथ्या आवृत्तीत ड्रुइड आला, त्याने तर कमाल केली. रूप हवं तेव्हा बदला, पण आकडे एकही बदलणार नाहीत. फक्त कुठल्या चाली वापरता येतील ते बदलणार. प्रोग्रामर म्हणून मी या डिझाइनला सलाम करतो. खेळाडू म्हणून मला ते अस्वलाचा टी-शर्ट घातल्यासारखं वाटतं.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने उलटं टोक गाठलं. मानसिक गुण आणि तुमची कौशल्यं सोडली तर प्राण्याचा अख्खा ठोकळाच उचलून घ्या, हिट पॉइंटसकट. ते संपले की परत माणूस, आणि उरलेला मार तेवढा तुमच्या अंगावर. गणित जवळपास शून्य. पण आता हे मोजा: सर्कल ऑफ द मूनच्या ड्रुइडला दुसऱ्याच लेव्हलला तपकिरी अस्वल मिळतं, हिट पॉइंट ३४. दोन विश्रांतींच्या मध्ये दोनदा. ड्रुइडचे स्वतःचे, कॉन्स्टिट्यूशन १४ धरून, १७. एकूण ८५! तेवढ्याच कॉन्स्टिट्यूशनच्या फाइटरचे २०. सोंग आणता येत नाही म्हणत होतो, तेच इथे फुकट वाटलं. कागदावरचं गणित वाचलं, पण त्या लेव्हलला टेबलावरचा समतोल पार गेला.

आणि मग २०२४ चं नवं पुस्तक. यात हिट पॉइंट पुन्हा ड्रुइडचे स्वतःचे झाले. रूप घेतल्यावर लेव्हलइतके तात्पुरते हिट पॉइंट वर मिळतात, मूनवाल्याला तिप्पट. पण मला सगळ्यात आवडलेला बदल वेगळाच आहे. ड्रुइडला आता मोजकीच रूपं येतात: दुसऱ्या लेव्हलला चार, चौथ्या लेव्हलला सहा, आठव्यापासून आठ. बस. साडेतीनमध्ये "ड्रुइडच्या परिचयाचा प्राणी" आणि २०१४ मध्ये "पाहिलेला प्राणी" अशी मोघम अट होती, आणि मोघम अटीवर टेबलावर नुसता वाद होतो. आकडा टाकला की वाद संपतो आणि गृहपाठ शक्य होतो.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, "ॲप आहे की, ते काढून देतं." देतं ना. जरूर वापरा. पण एकदा तरी हाताने करा. ॲपने १५ आर्मर क्लास दाखवला आणि तो का आला हे माहीत नसेल, तर मित्राने अंगावर मेज आर्मरचा मंत्र टाकला की तुम्ही पुन्हा अडकलात. चार मिळतात की नाही? मिळतात, कारण ते चिलखत नाही, मंत्राने आलेलं बळ आहे. १५ चे १९ होतात. आकडा कुठून आला हे ज्याला ठाऊक असतं त्याला हे सुचतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. "पण ड्रुइडची मजाच ती ना, की ऐनवेळी काहीही होता येतं?" मान्य. भिंतीच्या फटीतून जायला उंदीर, निरोप पोचवायला घार. पण अशा वेळी कोणी हल्ल्याचा बोनस विचारत नाही. ती रूपं मोकळी ठेवा, काही बिघडत नाही. मर्यादा हवी ती लढाईतल्या रूपांना.

म्हणून आवृत्ती कुठलीही खेळत असाल, एक घरगुती नियम सुचवतो. लढाईसाठी चार प्राणी निवडा: एक मार देणारा, एक पकडून ठेवणारा, एक उडणारा, एक पोहणारा. प्रत्येकाचं पोस्टकार्डाएवढं कार्ड करा, तीन खाने पाडून. ज्याचं कार्ड तयार त्याचंच रूप घ्यायचं. लेव्हल वाढली की फक्त पहिला खाना बदला आणि तिसरा पुन्हा काढा. दुसऱ्याला हात लावायची गरज नाही. नवा प्राणी हवा असेल तर पुढच्या शनिवारी कार्ड घेऊन या, कोणी अडवलंय?

हे कडक वाटत असेल तर एकच सांगतो. टेबलावर पाच जण असतील तर तुमची सात मिनिटं म्हणजे बाकी चौघांची मिळून अठ्ठावीस मिनिटं. हे गणित तर बिनफाशाचं आहे.