हार राणीचा, पैसा कोणाचा?

केट मिडलटनच्या गळ्यात 'निजामाचा हार' दिसला की इन्स्टावर कमेंट ठरलेली: 'आमचा आहे, परत द्या!' पण जरा थांबा. हा काही कोहिनूर नाही. हा हार कोणी हिसकावून नेला नाही, आपणहून दिलाय.

२० नोव्हेंबर १९४७ ला एलिझाबेथचं लग्न झालं. हैदराबादच्या निजामानं कार्टियरला कळवलं होतं, राजकन्येला आवडेल ते तिनं निवडावं. तिनं हिऱ्यांचा हार आणि टियारा निवडला. त्याच लग्नात गांधीजींचा आहेर होता स्वतः कातलेल्या सुताचं कापड!

तेव्हा देश स्वतंत्र होऊन तीन महिने झाले होते. आपला मराठवाडा मात्र निजामाच्याच राज्यात होता. तिरंगा फडकवला म्हणून तिथं लोक तुरुंगात जात होते. स्वातंत्र्य उजाडलं ते १७ सप्टेंबर १९४८ ला. निजामाची खासगी मिळकतसुद्धा 'सर्फ-ए-खास' जमिनींच्या महसुलातून यायची. म्हणजे आहेर त्याचा, घाम रयतेचा.

त्यामुळे लंडनकडे बोट दाखवणं सोपंय. पण हिशेब मागायचाच, तर घेणारीच्या आधी देणाऱ्याकडे मागायला हवा. आजही कुणी लोकांच्या पैशावर दिलदारी दाखवली, तर टाळ्या वाजवण्याआधी विचारा ना, पैसा कोणाचा?