पालकांच्या नकाराला कायद्यात जागा हवी

कुमार गंधर्वांचा जन्म बेळगावजवळच्या सुळेभावीचा आणि त्यांची कर्मभूमी देवास. या एका नावाने आपला सीमाभाग माळव्याशी जोडला गेला आहे. धार आणि देवास येथे पवारांच्या संस्थानांबरोबर मराठी घरे गेली आणि तेथेच रुजली. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि १९५६ साली तो मुलूख मध्य प्रदेशात गेला. तेथील मराठी मूल घरी मराठी बोलते आणि शाळेत हिंदीतून शिकते. त्याने हिंदी शिकू नये, असे आम्ही म्हणत नाही. आमचा प्रश्न परीक्षेचा आहे.

प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत कोणत्याही मुलावर मंडळाची परीक्षा उत्तीर्ण होण्याची सक्ती नसावी, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ठरविले. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीला परीक्षा आणली. नापास झालेल्याला दोन महिन्यांत दुसरी संधी द्यावी आणि तीही हुकली तर त्याच वर्गात बसवावे, अशी मुभा राज्यांना मिळाली. मध्य प्रदेशाने २०२२-२३ साली या दोन्ही वर्गांची परीक्षा मंडळाच्या धर्तीवर घेतली. कर्नाटकाने तर नववीलाही हा फास लावला. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या एका पीठाने तेथील परीक्षा रद्द ठरविली, दुसऱ्याने ती चालू ठेवली आणि ८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने निकाल रोखले. दाद मागण्यास खासगी शाळांच्या संघटना पुढे होत्या. मुलाच्या आईबापांना कोणी विचारले?

शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना देणारा कायदा, आपले मूल या परीक्षेस बसवावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार मात्र त्यांना देत नाही. २०१४ साली कर्नाटकाच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा हक्क मुलाचा आणि त्याच्या वतीने पालकांचा मानला. जो बाप मुलाची भाषा निवडू शकतो, तो त्याच्यावरील परीक्षा नाकारू का शकत नाही? अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील सुमारे वीस टक्के पात्र विद्यार्थ्यांनी २०१५ साली सरकारी चाचण्यांवर बहिष्कार टाकला. त्यामागे त्यांचे पालक उभे होते.

परीक्षा नसेल तर शाळा काय शिकवितात हे कळणार कसे, असे विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर सरकारच्याच दप्तरात आहे. नोव्हेंबर २०२१ मधील राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण निवडक शाळांतील निवडक मुलांवर आणि बावीस भाषांतून झाले. त्यात कोणी नापास झाले नाही, तरीही शिक्षणाचे दोष दिसले. शाळेची तपासणी करायची असेल तर हा मार्ग पुरेसा आहे. दहा-अकरा वर्षांच्या पोराच्या कपाळी नापासाचा शिक्का मारण्याचे कारण काय?

हा प्रश्न केवळ मराठी मुलांचा नव्हे. धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत. भिली बोलणाऱ्या मुलाला पुस्तकाची हिंदी मराठी मुलाहूनही परकी. मराठीसाठी जो न्याय आम्ही मागतो, तो त्या मुलाला नाकारला तर आमच्या मागणीला अर्थ राहणार नाही. आमचे भांडण हिंदीशी नाही आणि कन्नडशीही नाही. ते सक्तीशी आहे.

तेव्हा आमची मागणी स्पष्ट आहे. आठवीपर्यंतच्या मंडळी परीक्षेस पालकाने लेखी नकार दिला, तर मुलाचा वर्ग अडू नये. मुलाची प्रगती त्याच्या शिक्षकाने वर्षभर तपासून पालकांना सांगावी. हा परीक्षेला नकार आहे, शाळेला नव्हे. मूल शाळेत गेलेच पाहिजे. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या पालकांनी शाळासमितीच्या पुढच्या बैठकीत हा ठराव मांडावा आणि तो शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा. धार-देवासच्या आमच्या बांधवांनीही तेच करावे, अशी आमची त्यांना विनंती आहे.