डोंगर कापण्याआधी पायथ्याची माती वाचायला हवी

१/८
पनवेलच्या परिसरात डोंगर नाहीसा होणे आता नवलाचे राहिलेले नाही. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. चर्चा झाली ती जमिनीची, मोबदल्याची, पुराची. डोंगरउताराच्या पायथ्याशी शतकानुशतके साचलेली माती हाही इतिहासाचा दस्तऐवज असतो, हे मात्र विसरले जाते.

२/८
हा दस्तऐवज वाचण्याचे साधन म्हणजे ल्युमिनेसन्स कालमापन. क्वार्ट्झ किंवा फेल्डस्पारचा कण गाडला गेला की भोवतालच्या युरेनियम, थोरियम व पोटॅशियमच्या किरणोत्सर्गामुळे त्यात ऊर्जा साठू लागते. ऊन लागले की साठा रिकामा होतो. हा साठा मोजून त्याला वार्षिक मात्रेने भागले की कणाने शेवटचे ऊन कधी पाहिले ते कळते. प्रकाशाच्या साह्याने ही मोजणी करण्याची पद्धत १९८५ मध्ये कॅनडातील संशोधकांनी मांडली.

३/८
डोंगरउतारावर मात्र अडचण येते. वाऱ्याने उडालेल्या वाळूला भरपूर ऊन मिळते. पावसाळ्यात एका रात्रीत घसरलेल्या चिखलाला मिळत नाही. जुना साठा शिल्लक राहतो आणि थर असतो त्याहून प्राचीन भासतो. म्हणूनच अशा ठिकाणी एकेक कण स्वतंत्रपणे मोजणे श्रेयस्कर ठरते.

४/८
कोकणात आणखी एक पेच आहे. कर्नाळा, प्रबळगड हे सारे बेसॉल्टचे. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसतेच. उरतो फेल्डस्पार. ज्वालामुखीजन्य फेल्डस्पारमधील साठा काळाच्या ओघात आपोआप गळतो आणि थर असतो त्याहून तरुण दिसतो. जास्त तापमानाला अवरक्त प्रकाशाने मोजणी केल्यास ही गळती बरीच आटोक्यात येते.

५/८
एवढा खटाटोप का? पुणे जिल्ह्यातील बोरीचे उदाहरण पाहावे. कुकडीकाठच्या ज्वालामुखी राखेच्या थराला कोणी १४ लाख वर्षे दिली, कोणी ६.७ लाख, तर कोणी ती सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या टोबा उद्रेकाची मानली. त्या थराशी निगडित अश्मयुगीन हत्यारांचे वयही त्याबरोबर हेलकावत राहिले. शिवाय उतारावरून वाहून आलेले हत्यार तरुण मातीत विसावू शकते. थराचे वय म्हणजे हत्यार घडवल्याचे वय नव्हे.

६/८
कायद्याचे संरक्षण वास्तूला मिळते. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. ज्या पायथ्याशी ना तट आहे ना लेणे, त्या मातीला असे कवच नाही.

७/८
म्हणून डोंगर कापण्याच्या परवानगीतच एक अट असावी : यंत्रे लागण्यापूर्वी पुरातत्त्वीय पाहणी व्हावी आणि जिथे जाड थर आढळतील तिथे नमुने घेतले जावेत. पोलादी नळी ठोकून नमुना अंधारात काढायचा, ओलावा व किरणोत्सर्ग जागेवरच नोंदवायचा. एका छेदासाठी हे दिवसभराचे काम आहे. विकास अडेल, हा आक्षेप येथे टिकत नाही.

८/८
प्रत्येक नमुना लगेच मोजलाच पाहिजे असेही नाही. योग्य नोंदींसह अंधारात जपलेली नळी पुढच्या पिढीच्या अधिक चांगल्या पद्धतीची वाट पाहू शकते. भरावासाठी डंपरमधून गेलेली माती वाटेतच उन्हाने पुसली जाते. तिचा थर, तिचा क्रम आणि तिचे वय पुन्हा कोणालाही सांगता येणार नाही.